इडली-डोशाची नोंद ठेवणाऱ्या राजाने फुलांचा वास तेलात कसा धरायचा, हेही ९०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय

इन्स्टाग्रामवर हल्ली दर चार रील्समागे एक छोटी गोल डबी दिसते. झाकण उघडायचं, आतल्या मऊसर मेणावर बोट फिरवायचं आणि ते मनगटावर, कानामागे लावायचं. याचं नाव सॉलिड परफ्यूम. यात स्प्रे नाही, अल्कोहोल नाही. असतं फक्त मेण, तेल आणि फुलांचा वास. डबीवर नॅचरल असं लिहिलं की किंमतही वाढते.

बघणाऱ्याला वाटतं की हे काहीतरी नवीन, परदेशातून आलेलं असणार.

पण फुलाचा वास तेलात धरून ठेवायचा आणि अंगाला लावायचा घट्ट लेप तयार करायचा, हे काम या मातीत शेकडो वर्षं चालू होतं. ते लिहून ठेवणाऱ्यांमध्ये एक राजाही होता. त्याची राजधानी बीडपासून फार लांब नव्हती. अंबाजोगाई, लातूर, उमरगा ओलांडून कर्नाटकात शिरलं की थोड्याच वेळात बसवकल्याण लागतं. तेव्हा त्याचं नाव होतं कल्याण किंवा कल्याणी. इथून राज्य करणाऱ्या चालुक्यांच्या ताब्यात आजचा बराचसा मराठवाडा होता.

त्याच घराण्यातला हा राजा म्हणजे सोमेश्वर तिसरा.

इतिहासाच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला दोन-तीन ओळी येतात, आणि त्याही फारशा कौतुकाच्या नसतात. कारण त्याचे वडील.

बाप ५० वर्षं गाजला

सोमेश्वराचे वडील म्हणजे विक्रमादित्य सहावा. १०७६ ते ११२६ अशी तब्बल ५० वर्षं त्यांनी राज्य केलं. गादीवर आल्यावर शक बाजूला ठेवून स्वतःच्या नावाचं चालुक्य विक्रम वर्ष सुरू केलं. काश्मीरचा कवी बिल्हण त्यांच्या दरबारात येऊन राहिला आणि त्याने त्यांच्यावर विक्रमांकदेवचरित हे महाकाव्य लिहिलं. हिंदू कायद्याच्या अभ्यासात आजही नाव निघतं तो मिताक्षरा ग्रंथ याच दरबारातल्या विज्ञानेश्वराचा.

बीडशी जोडलेली एक आख्यायिकाही विक्रमादित्य या नावाभोवती फिरते. विक्रमादित्याची बहीण चंपावती हिने हे गाव जिंकलं आणि त्याला चंपावतीनगर असं नाव दिलं, असं सांगतात. आख्यायिका ती आख्यायिकाच. पण बीडमधल्या शाळा, दुकानं आणि कार्यक्रमांच्या पाट्यांवर चंपावती हे नाव आजही दिसतं, आणि त्या नावात चाफ्याचं फूल आहे.

तर अशा बापाच्या मागे ११२६च्या सुमारास सोमेश्वर गादीवर बसला. त्याने भूलोकमल्ल अशी पदवी घेतली. वडिलांसारखं स्वतःच्या नावाचं वर्षही सुरू केलं. पण काळ बदलला होता.

पूर्वेकडे आंध्रातल्या वेंगीवर विक्रमादित्याने बसवलेली पकड सुटली आणि तो मुलूख पुन्हा चोळांच्या बाजूला गेला. दक्षिणेकडे होयसळ विष्णुवर्धन हा खरं तर चालुक्यांचा मांडलिक, पण तो डोकं वर काढत होता. सोमेश्वराने राज्य लगेच गमावलं नाही, कल्याणी हातात राहिली. पण वडिलांसारखी मोठी विजययात्रा त्याच्या नावावर नाही.

मग या माणसाने केलं काय?

राजाने पुस्तक लिहायला घेतलं

सोमेश्वराला लोक सर्वज्ञ म्हणत. दरबारातल्या भाटांनी राजाला काहीही म्हणावं, पण इथे त्या पदवीला पुरावा आहे. गादीवर आल्यानंतर तीन वर्षांच्या आत, शके १०५१ म्हणजे इसवी सन ११२९च्या सुमारास, त्याच्या नावावर एक प्रचंड संस्कृत ग्रंथ तयार झाला. त्याचं नाव मानसोल्लास, दुसरं नाव अभिलषितार्थचिंतामणी.

ग्रंथाचे पाच भाग आहेत आणि प्रत्येक भागात २० प्रकरणं. एकूण १००. राज्य कसं मिळवावं, ते कसं टिकवावं, उपभोग कसे घ्यावेत, करमणूक कशी करावी आणि खेळ कसे खेळावेत, असा त्याचा क्रम आहे. त्यात हत्ती आहेत, घोडे आहेत, चित्रकला आहे, मासेमारी आहे, कुस्ती आहे.

सोशल मीडियावर हा ग्रंथ अधूनमधून व्हायरल होतो तो खाण्याच्या प्रकरणामुळे. इड्डरिका, धोसक, वटक, मंडक ही नावं त्यात येतात. इडली, डोसा, वडा आणि मांडे यांचा इतिहास सांगताना म्हणूनच सगळे सोमेश्वराचं नाव घेतात.

मराठी माणसासाठी तर हा ग्रंथ आणखी जवळचा आहे. गाण्याच्या प्रकरणात वेगवेगळ्या देशी भाषांमधली गीतं येतात आणि त्यात मराठीही आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, अशी नोंदही यात सापडते. मराठीतला आद्य ग्रंथ मानला जाणारा विवेकसिंधू शके १११०चा, म्हणजे यानंतर साधारण ६० वर्षांनी आलेला. तो लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईला दाखवतात.

पण इडली आणि ओवीच्या गर्दीत एक गोष्ट मागे राहते. या ग्रंथाचा तिसरा भाग वासाने भरलेला आहे.

२० उपभोग, आणि बऱ्याच ठिकाणी सुगंध

तिसऱ्या भागात राजाचे २० उपभोग सांगितलेत. त्यात स्नान आहे, तांबूल आहे, विलेपन म्हणजे अंगाला लावायची उटी आहे, माल्य म्हणजे फुलांच्या माळा आहेत, पिण्याचं पाणी आहे, पायांना तेल चोळणं आहे आणि धूपही आहे. यातल्या प्रत्येकात सुगंधाचं काम पडतं. पाणी प्यायचं तरी त्याला आधी फुलांचा किंवा कापराचा वास लावायचा.

आता मुद्दा येतो स्नानाचा. राजाने आंघोळीआधी तेल लावायचं. पण ते तेल साधं नको, फुलांच्या वासाचं हवं.

हे तेल तयार कसं करायचं? कोणालाही वाटेल की तेल घ्यायचं आणि त्यात फुलं टाकायची. सोमेश्वराच्या ग्रंथातली रीत त्याच्या एक पायरी आधी सुरू होते. तिथे वास तेलाला नाही, तिळाला लावायचा असतो. केवडा, चाफा यांसारख्या सुगंधी फुलांनी आधी तीळ वासवायचे आणि मग ते तीळ स्वच्छ घाण्यात गाळायचे. तेल बाहेर येतं तेच मुळी सुगंध घेऊन.

ही रीत पुढेही चालू राहिली. उत्तर प्रदेशात जौनपूर आणि गाझीपूरकडे चमेलीचं तेल याच पद्धतीने बनायचं. तीळ निवडून, सोलून, वाळवून घ्यायचे. त्यांचा एक थर, त्यावर ताज्या फुलांचा थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुलं. रात्रभर किंवा त्याहून जास्त वेळ ते तसंच ठेवायचं. फुलं कोमेजली की चाळणीने वेगळी करायची आणि त्याच तिळावर पुन्हा ताजी फुलं पसरायची. असं बऱ्याच वेळा केल्यावर तीळ घाण्यात जायचे.

हे चालतं कसं?

फुलाचा वास म्हणजे हवेत उडून जाणारे अगदी बारीक तेलकट घटक. ते पाण्यात फारसे विरघळत नाहीत, पण स्निग्ध पदार्थात लगेच मुरतात. फ्रिजमध्ये लोणी उघडं राहिलं की त्याला कांद्याचा वास लागतो, तो याच कारणाने. तिळाच्या दाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. त्यामुळे फुलातून सुटलेला वास दाणा धरून ठेवतो.

तीळच का? कारण तिळाच्या तेलात नैसर्गिकरीत्या असे घटक असतात जे त्याला लवकर खवट होऊ देत नाहीत. शिवाय ओली फुलं थेट तेलात बुडवली की फुलातलं पाणी तेलात उतरतं आणि तेल खराब होण्याची भीती असते. तिळाच्या थरात तो धोका कमी. फुलं कोमेजली की काढली, ओल तिथेच संपली.

आणखी एक गंमत आहे. मोगरा, जाई अशी काही फुलं तोडल्यानंतरही कित्येक तास वास सोडत राहतात. त्यांना उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलं तर त्यांचा नाजूक वास बिघडतो. गार जागी स्निग्ध पदार्थाशेजारी नुसतं ठेवलं तर मात्र ती रात्रभर वास देत राहतात. फ्रान्समध्ये ग्रास नावाच्या गावात काचेच्या तावदानांवर चरबीचा थर देऊन त्यावर मोगऱ्याच्या जातीची फुलं मांडायचे. तत्त्व तेच, फक्त तिळाच्या जागी चरबी.

गुलाब आणि केवडा यांना मात्र वाफ मानवते. म्हणून कन्नौजमध्ये तांब्याच्या डेगेत गुलाब उकळतात, तिची वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात नेतात आणि तिथल्या चंदनाच्या तेलात वास मुरवतात. ते झालं अत्तर. गुलाबाच्या अत्तराची प्रसिद्ध हकिकत जहांगीर बादशहाच्या काळातली, नूरजहानची आई अस्मत बेगम हिच्या नावाशी जोडलेली. म्हणजे सोमेश्वरानंतर जवळपास ५०० वर्षांनी. सोमेश्वराच्या काळातल्या गंधशास्त्राचा भर तेल, लेप, चूर्ण आणि धूप यांवर होता.

त्या काळातलं सॉलिड परफ्यूम

विलेपनाचं प्रकरण वाचलं की आजची गोल डबी आठवते. चंदन, केशर, कस्तुरी, कापूर, अगरू असे पदार्थ उगाळून, मिसळून अंगाला लावायचा दाट लेप करायचा. कापूर, अगरू, कस्तुरी आणि कंकोळ यांच्या अशाच एका प्रसिद्ध लेपाला संस्कृत कोशात यक्षकर्दम असं नाव आहे, म्हणजे यक्षांचा चिखल.

सोमेश्वर हे लेप ऋतूप्रमाणे बदलायला सांगतो. थंडीत केशर-कस्तुरीसारखे उष्ण पदार्थ, उन्हाळ्यात चंदनासारखे गार पदार्थ.

हे राजेशाही थाटाचं वाटत असेल तर पंढरपूर आठवा. गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलाला चंदनउटी लावतात. उन्हाळा लागला की चंदन, पाऊस तोंडावर आला की उटी बंद. ऋतू बघून लेप ठरवायची ही रीत राजवाड्यापुरती राहिलेली नाही. दिवाळीच्या पहाटे घरोघरी सुगंधी तेल आणि उटणं येतं, तेही याच प्रकारातलं.

धूपाच्या प्रकरणातही भुकटी, गोळा आणि वात असे तीन प्रकार आहेत. म्हणजे आजच्या भाषेत पावडर, कोन आणि अगरबत्ती.

आजची डबी वेगळी आहे ती मेणामुळे. वास मुरलेलं तेल साधारण तीन-चार भाग आणि मधमाश्यांचं मेण एक भाग, असं मंद आचेवर वितळवलं की थंड होताना ते गोठतं. अंगाच्या उबेने थोडं थोडं विरघळतं आणि वास हळूहळू सुटतो. स्प्रेमधलं अल्कोहोल पटकन उडतं आणि वास एकदम पसरतो. मेण आणि तेल मात्र वासाला कातडीजवळ धरून ठेवतात. म्हणून सॉलिड परफ्यूमचा वास लांबच्या माणसाला येत नाही, पण जवळच्याला येतो.

हे ज्ञान नेमकं कोणाचं?

आता थोडं थांबून विचार करा. राजा स्वतः पहाटे उठून चाफा तोडत नव्हता. तीळ पाखडत नव्हता. घाण्याला बैल जुंपत नव्हता.

फुलं माळी आणायचे, घाणा तेली चालवायचे, कस्तुरी आणि अगरू कुठला चांगला हे गंध विकणारे ओळखायचे. कोणती फुलं सकाळी घ्यायची आणि कोणती संध्याकाळी, कोमेजलेली कधी काढायची, घाणा आधी का धुवायचा, हे सगळं त्यांच्या हातात होतं. मानसोल्लासात त्यातल्या एकाचंही नाव नाही. ग्रंथावर नाव आहे ते राजाचं. एवढा मोठा ग्रंथ त्याने एकट्याने लिहिला नसणार, दरबारातल्या पंडितांचाही हात असणार, असंही अभ्यासक मानतात.

पण दुसरी बाजूही आहे. त्या काळच्या राजांनी शिलालेखांत युद्धं कोरली, दानं कोरली, पदव्या कोरल्या. तेल्याच्या घाण्यात तीळ जाण्याआधी काय होतं, हे लिहिण्यासारखं आहे असं फार थोड्यांना वाटलं. सोमेश्वराला वाटलं.

सुगंधावर लिहिणारा तो पहिला नव्हता. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्ती नावाचं प्रकरण लिहिलं. त्यात मंजिष्ठा, दालचिनीसारखे पदार्थ तिळाच्या तेलात घालून उन्हात तापवले की तेलाला चाफ्याचा वास येतो, असं एक मिश्रण आहे. चाफा न वापरता चाफ्याचा वास! मोजके पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळले तर १,७४,७२० वास तयार होतात, असा हिशेबही तिथे आहे.

सोमेश्वराचं वेगळेपण असं की त्याने सुगंध दिनक्रमात बसवला. आंघोळ, कपडे, जेवण, पाणी, झोप, यातल्या कशाला कोणता वास लागतो, हे त्याच्याकडून कळतं.

राज्य गेलं, पोथी राहिली

११३८च्या सुमारास सोमेश्वर वारला. जेमतेम १२ वर्षांचं राज्य. त्याने वडिलांवर विक्रमांकाभ्युदय हे चरित्र लिहायला घेतलं होतं. तेही अपुरंच मिळतं.

त्याच्यानंतर मुलगा जगदेकमल्ल आणि मग दुसरा मुलगा तैलप गादीवर आला. तैलपाच्या काळात त्याचाच मांडलिक कलचुरी बिज्जल याने कल्याणी बळकावली. महात्मा बसवेश्वर ज्या बिज्जलाच्या दरबारात होते, तो हाच. पुढे चालुक्यांनी राजधानी परत मिळवली खरी, पण ती फार दिवस टिकली नाही. ११८७च्या सुमारास देवगिरीला यादव भिल्लम उभा राहिला आणि काही वर्षांतच कल्याणीच्या चालुक्यांचा खेळ संपला. बीडचा मुलूख यादवांकडे गेला. अंबाजोगाईत यादवांचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख आहेत, ते त्यानंतरच्या काळातले.

म्हणजे सोमेश्वराच्या मृत्यूनंतर ५०-६० वर्षांत त्याच्या घराण्याचं राज्य नकाशावरून पुसलं गेलं. मानसोल्लास मात्र हाताने नकलून काढलेल्या पोथ्यांत तगून राहिला. गजानन श्रीगोंदेकर यांनी तो संपादित केला आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत त्याचे तीन खंड १९२५, १९३९ आणि १९६१ मध्ये छापून आले. एका राजाचा ग्रंथ छापून व्हायला ३६ वर्षं लागली.

सुगंधाच्या या परंपरेतला आणखी एक धागा पुण्यात सापडला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा गंधसार आणि गंधवाद या दोन ग्रंथांची पोथी उजेडात आणली. दोन्ही ग्रंथ फक्त सुगंध तयार करण्यावर आहेत. आणि गंधवादावरची टीका चक्क जुन्या मराठीत आहे. म्हणजे ही विद्या संस्कृत पंडितांपुरती नव्हती, मराठीत वाचून काम करणारं कोणीतरी होतं. हे ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याहूनच छापले गेले.

बीडच्या बाजारात आज

तीळ मराठवाड्याला नवीन नाही. लाकडी घाणेही आता गावोगावी पुन्हा दिसू लागलेत, शेंगदाणा आणि करडईचं तेल काढून देणारे. देवळांबाहेर फुलांचे ढीग असतात. तीळ, घाणा आणि फूल हे तिन्ही एकाच बाजारात मिळतात, फक्त त्यांना एकत्र आणायची रीत मागे पडली. फुलांच्या तेलाच्या नावाने मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त बाटल्यांत तर फुलाऐवजी कारखान्यात बनवलेला वास असतो.

कोणाला करून बघायचंच असेल तर फार काही लागत नाही. सोललेले, कोरडे तीळ आणि भरपूर ताजी फुलं. एका दिवसात होणार नाही, फुलं पुन्हा पुन्हा बदलावी लागतील. आणि घाणेवाल्याला आधी सांगावं लागेल की घाणा धुऊन घ्या, नाहीतर मागच्या करडईचाच वास येईल. स्वच्छ घाणा हवा, हे सोमेश्वराच्या ग्रंथातही आहे.

लढाया जिंकणाऱ्या बापाचं नाव अख्ख्या दख्खनला माहीत होतं. मुलाला इतिहासाने दुबळा ठरवलं. पण चाफ्याचा वास तिळात कसा उतरतो हे आज शोधायचं झालं, तर पान उघडावं लागतं ते मुलाचं.